हंडा माझ्याच बाजूला

आखाजी जवळ आली की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. एकदा डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "वयाप्रमाणे होतं असं." मी म्हटलं, "वयाचा काही दोष नाही. हे सुपडूमुळे आहे." "कोण सुपडू?" "माझा शाळेतला जोडीदार. वारला तो." डॉक्टरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मुकाट्यानं मलम लिहून दिलं. मलमाचा काही उपयोग होत नाही. आखाजी उलटली की खांदा आपोआप दुखायचा राहतो.

बाकीच्यांची अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. खानदेशात दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात आणि दुपारभर गाणी म्हणतात. पुरुष ओट्यावर बसून पत्ते कुटतात, आणि त्या दोन-तीन दिवसांत त्यांना बायकासुद्धा काही बोलत नाहीत. घराघरातून सांजोऱ्या तळल्याचा वास येतो, कोपऱ्यात पिकलेल्या डांगराचा, म्हणजे खरबुजाचा, गोड वास असतो. आणि घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, आंबा ठेवायचा. ऐन वैशाखात गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी तहान लागत असणार, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं तो आमच्याकडचाच असला पाहिजे. आमच्या उन्हाशिवाय असलं काही सुचत नाही.

आमच्या वर्गातल्या मेलेल्या मुलांसाठी ही घागर भरायची आमची एक वेगळी रीत होती. ती समजायची तर आधी शाळा सांगायला हवी.

धुळ्याहून सोनगीरकडे निघालं की हायवेच्या कडेला एक कापसाची जिनिंग लागायची. तिच्या अर्ध्या भागात सरकी निघायची आणि अर्ध्या भागात आम्ही. नाना म्हणून एक हेडमास्तर होते. ते कुठल्याशा मोठ्या संस्थेशी भांडून बाहेर पडले आणि ऐंशीच्या सुमाराला त्यांनी ही स्वतःची खाजगी शाळा काढली. खाजगी म्हटलं की आता लोकांना टाय आणि बस आठवते. आमच्या शाळेत खाजगी म्हणजे एवढंच की सरकार तिला काही देत नव्हतं आणि नाना सरकारचं काही ऐकत नव्हते. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं, आणि धुळ्याच्या बाकी शाळांनी हात टेकलेली पोरं, अशी सगळी भरती होती.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की पलीकडे इंजिन धडधडायचं. त्या धडधडीवर आम्ही कविता म्हणायचो, पाढे म्हणायचो, आणि नाना ओरडून शिकवायचे. मधेच इंजिन बंद पडलं की कळायचं, आपण सगळे केवढ्यानं ओरडतोय. नाना इतिहासातलं एखादं गुप्त खलबत अख्ख्या हायवेला ऐकू जाईल असं सांगत असायचे. सरकीच्या तेलाचा वास दप्तराला, डब्यातल्या भाकरीला, आईनं धुतलेल्या शर्टालाही यायचा. आणि कापसाची ती बारीक म्हातारी दिवसभर हवेत तरंगायची आणि डोक्यावर बसायची. शाळा सुटायच्या वेळी आमचे सगळ्यांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. हायवेवरचे ट्रकवाले हसायचे, म्हणायचे, म्हाताऱ्यांची शाळा सुटली. आता माझे केस खरेच पिकलेत. सुपडू मात्र म्हातारा झाला तो तेव्हाच, रोज संध्याकाळी पाच वाजता.

शाळेत शिपाई नव्हता. पाणी होतं मागच्या शेतातल्या विहिरीवर आणि प्यायचे रांजण होते पुढच्या व्हरांड्यात. मधे चांगलं लांबलचक अंतर. नानांनी त्यावर उपाय काढला. पितळी हंड्याच्या गळ्याला दोर बांधायचा, दोरातून बांबू घालायचा आणि दोन पोरांनी पुढे-मागे होऊन तो खांद्यावर न्यायचा. रोज एक जोडी. जोड्या लावल्या उंचीप्रमाणे, म्हणजे बांबू आडवा राहावा, हंडा कुणा एकाकडे सरकू नये. पाचवीत लावलेली जोडी दहावीपर्यंत बदलायची नाही. "लग्नासारखं आहे," नाना म्हणायचे, "वजन वाटून घ्यायला शिका." आम्हाला तेव्हा लग्नही माहीत नव्हतं आणि वजनही.

भिंतीला टेकवून डोक्यावर पट्टी ठेवून उंची मोजली. माझ्या बरोबरीचा निघाला सुपडू.

सुपडूच्या आधीची अक्काची, म्हणजे त्याच्या आईची, मुलं जगली नव्हती. म्हणून हा झाल्या झाल्या त्याला सुपात घातला, की देवाची नजर त्याच्यावर पडू नये. नाव पडलं सुपडू. पहिल्या दिवशी अक्का त्याला घेऊन शाळेत आली ती त्याचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊनच. नानांना म्हणाली, "नाना, मना सुपडू नवसना शे. त्याले जड काम नका सांगू."

नाना म्हणाले, "अक्का, आठे बठ्ठाच नवसना शेतस."

इथे सगळेच नवसाचे, म्हणून नानांनी ऐकलं नाही, पण सुपडूनं आईचं शब्दशः ऐकलं. सहा वर्षं त्यानं जड असं काही उचललं नाही. आमची पाळी असली की तो मला म्हणायचा, "तू पुढे हो भो, तुला रस्ता चांगला दिसतो." मी पुढे व्हायचो. विहिरीपासून चार पावलं गेलो की हंडा माझ्या पाठीला येऊन टेकायचा आणि बांबू खांद्यात रुतायचा. मागे सुपडूनं आपलं टोक खांद्यावरून उचलून दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेलं असायचं. घसरगुंडीवरून यावा तसा हंडा माझ्याकडे यायचा आणि त्याच्या हातात राहायचा नुसता बांबू.

"सुपड्या, हंडा सरकला."

"चढ शे भो," मागून आवाज यायचा. "त्याला मी काय करू?"

आता धुळ्याची जमीन ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. सोनगीरचा किल्ला सोडला तर त्या बाजूला चढ म्हणून नाही. विहिरीपासून व्हरांड्यापर्यंतचा रस्ता तर असा की पोर गोटी खेळत असेल तर गोटी ठेवली तिथेच राहायची. पण मागे वळून बघायची सोय नव्हती, आणि सुपडू ज्या गंभीरपणानं चढ आहे म्हणायचा त्यानं मलाच कधी कधी दम लागायचा.

हे अन्यायाचं प्रकरण वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, पण मनावर घेतलं एकट्या गौतमनं. गौतम जवळच्याच वस्तीतला, वर्गात सगळ्यात हुशार, आणि चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही. फळ्यावर नानांची बेरीज चुकली तर तो हात वर करून उभा राहायचा आणि नाना बघेपर्यंत तसाच. त्यानं एक दिवस घरून विळा आणला, बांबूचा बरोबर मध्य दोरीनं मोजून काढला आणि तिथे एक खोल खाच पाडली. "दोर या खाचेत बसवायचा. आता सरकला तर मला सांग." मी इतका खूश झालो की माझ्या डब्यातली सगळी शेंगदाण्याची चटणी त्याला दिली.

दुसऱ्या दिवशी चार पावलांवर हंडा माझ्या पाठीला. मी बांबू खाली ठेवून पाहिलं. सुपडूनं बांबू फिरवून खाच खालच्या बाजूला केली होती.

"अरे, खाच खाली कशी गेली?"

"चढ शे ना," सुपडू म्हणाला.

गौतमनं डोक्याला हात लावला. म्हणाला, पालथ्या घड्यावर पाणी. पण पाणी घड्यावर नव्हतंच, माझ्या खांद्यावर होतं. दहावीला आलो तोपर्यंत माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. पुढे लग्नाचा सफारी शिवताना धुळ्याच्या टेलरनं टेप लावला, चष्मा वर केला आणि विचारलं, "काही ओझ्याचं काम करता का?" मी जळगावला मास्तर होतो. मी म्हटलं, "करायचो."

तरी एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर सुपडूवर अन्याय होईल. सुपडू मागून बोलत असायचा. हंडा सरकला की त्याचे हात मोकळे, आणि हात मोकळे की जीभ सुटायची. त्याच्या मामाच्या म्हशीनं लग्नाच्या मांडवातली पंगत कशी उठवली, सोनगीरच्या किल्ल्यावर त्याला कसा सोन्याचा हंडा दिसला आणि उचलायला जड म्हणून त्यानं तो कसा तिथेच ठेवला, नर्मदेपलीकडे माणसं उलटी कशी चालतात. सगळं खोटं, पण इतकं बारकाईनं सांगितलेलं की म्हशीच्या शिंगाला अडकलेल्या जिलबीचा रंगसुद्धा त्यानं सांगितलेला असायचा. विहीर, बांध, बाभळी, मागचं दार, व्हरांडा, सगळं त्याच्या आवाजात निघून जायचं. रांजणात पाणी ओतलं की गोष्ट संपायची आणि तेव्हा कुठे खांदा दुखायला लागायचा.

माणूस कसा आहे ते हंडा उचलला की कळतं, असं नाना म्हणायचे. भगवानच्या बाबतीत तर ते सोळा आणे खरं होतं. भगवानला सगळ्याचीच घाई. प्रार्थना तो आमच्या एक ओळ पुढे म्हणायचा आणि संपवून खाली बसायचा. हंडा घेऊन तो असा सुटायचा की त्याचा जोडीदार रमेश मागून फरफटत यायचा आणि अर्धं पाणी रस्त्यात. पुढे भगवाननं धुळ्यात बँड पार्टी काढली. नवरदेव अजून पारावर घोड्यावर चढतोय आणि भगवानचा बँड मांडवात पोचून शेवटचं गाणं वाजवतोय, अशी त्याची ख्याती. लोक तरी त्यालाच बोलवायचे, कारण वरात लवकर आटोपते. गौतम भुसावळला रेल्वेत लागला. तिथे त्याला हवं तेच मिळालं, सगळ्या जगाचं वेळापत्रक. गाडी उशिरा आली की त्याला स्वतःचा अपमान झाल्यासारखं व्हायचं. आणि सुपडूला नरडाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली. मी एकदा विचारलं, काम काय असतं? म्हणाला, "एक काटा असतो भो, तो लाल रेघेच्या पुढे गेला की ओरडायचं."

"आणि गेला नाही तर?"

"तर बसायचं." इतका सुखी कामगार मी दुसरा पाहिला नाही.

मग भगवान गेला. तोही घाईच्या स्वभावाप्रमाणे, आम्हा सगळ्यांच्या आधी. कसा गेला ते सांगत बसत नाही. आम्ही पंचविशीत होतो आणि आमच्यातलं कोणी मरू शकतं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्यानंतरच्या आखाजीला रमेशला काय सुचलं कोण जाणे. तो भगवानच्या वडिलांना घेऊन शाळेत आला, तोच बांबू काढला, आणि विहिरीवरून हंडाभर पाणी दोघांनी मिळून घरी नेलं. त्या पाण्यानं घागर भरली. रमेश म्हणाला, "पहिल्यांदाच भगवानचा हंडा भरलेला घरी आला." म्हातारे बाप रडता रडता हसले. तेव्हापासून रीतच पडली. जोडीतला एक गेला की उरलेल्यानं आखाजीला शाळेच्या विहिरीवरून त्याचं पाणी न्यायचं आणि दुसरं टोक त्याच्या घरच्यांनी धरायचं.

गौतम गेला तेव्हा आम्ही जरा अडलो. त्याच्या घरी पितर पूजत नाहीत, घागर मांडत नाहीत. रमेशच भीत भीत त्याच्या मोठ्या भावाकडे गेला. भाऊ म्हणाला, "पूजा आमच्यात नाही. पण पाणी आणा ना. नाक्यावर बसथांबा आहे, तिथल्या रांजणात ओतू. उन्हाचं कोणीतरी पिईल." आणि त्यानं स्वतः टोक धरलं. हंडा अगदी बरोबर मध्यावर, खाचेत बसवून नेला, इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हापासून घागरी भरून उरलेलं पाणी आम्ही सगळे त्याच रांजणात ओतायला लागलो.

आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, दिवाळीच्या आसपास, सुपडू गेला.

मी खांदा दिला. कोणीतरी मला पुढे उजवीकडे उभं केलं. गल्ली ओलांडली आणि बांबू माझ्या खांद्यात रुतला, सगळं वजन सरकत सरकत माझ्याकडे आलं असं मला वाटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सुपड्या, नीट धर की." मागच्या टोकाला त्याचे मामा होते. ते रडक्या आवाजात म्हणाले, "धरलंय रे, धरलंय." लोकांना वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. मी वाट बघत होतो, मागून कोणी म्हणेल, चढ शे भो. कोणी म्हणालं नाही. तो रस्ता मला शाळेच्या सगळ्या रस्त्यापेक्षा लांब वाटला.

पुढे शाळेत शोकसभा झाली. शाळेची पोरं तेव्हा कमी होत आली होती, जिनिंगही बंद पडली होती, नाना थकले होते. पण गेलेल्या विद्यार्थ्याची शोकसभा घेतल्याशिवाय ते राहत नसत. भाषण एकच असायचं. भगवानच्या वेळी ते म्हणाले होते, "अत्यंत संयमी विद्यार्थी." आता सुपडूच्या फोटोकडे हात करून ते म्हणाले, "असा कष्टाळू मुलगा माझ्या पाहण्यात नाही. कामाला कधी नाही म्हटलं नाही." मग सरपंच उठले, तेही कष्टाळू म्हणाले. कारखान्यातला एक जण म्हणाला, त्यांचा घाम आम्ही विसरणार नाही. मी रमेशकडे पाहिलं नाही, रमेशनं माझ्याकडे पाहिलं नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. शेजारी अक्का बसली होती. ती माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, नाना कोनाबद्दल बोली ऱ्हायनात, माले समजनंच नही."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. सुपडू गेला तो गेलाच, पण हे लोक त्याच्या जागी कोणीतरी दुसराच, घामेजलेला, आज्ञाधारक माणूस बसवत होते. अजून दोन वर्षं असंच चाललं असतं तर मलाही तोच आठवला असता. पुढच्या बाकावर सुपडूची मुलगी बसली होती, राणी. तिसरीत होती. राणीला कोणी काम सांगत नाही, म्हणून सुपडूनं नाव ठेवलेलं. ती फोटोकडे बघत होती, आणि फोटोतला माणूस कोण हे तिलाही कळत नसल्यासारखी दिसत होती.

आखाजीच्या आधी अक्काचा निरोप आला. मी गेलो. अंगणात लिंबाला झोका बांधला होता, भावकीतल्या मुली मेंदीचे हात हलवत गाणी म्हणत होत्या. वहिनी, म्हणजे सुपडूची बायको, आत सांजोऱ्या तळत होती. ओट्यावर पत्ते चालले होते आणि त्यात एक जागा रिकामी होती. ती सुपडूची. वर्षातले ते दोन-तीन दिवस मात्र तो खरंच कष्टाळू असायचा, जेवायलासुद्धा उठायचा नाही.

अक्कानं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "पानी तुलेच भरनं पडी, भाऊ. सहा वरीस तूच भरं."

"भरतो अक्का. पण दुसरं टोक कोण धरेल?"

"राणी धरी." मग ती जवळ सरकली. "बाप गया तवयपासून पोर बोलस नही. काही विचारं तर मान हालावस. झोकावर भी बसस नही. तू तिले ली जाय. तुनासंगे तरी बोली." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. जिनं मुलाला कधी दप्तर उचलू दिलं नाही, ती आता नातीचं तोंड उघडावं म्हणून माझ्याकडे बघत होती. मला त्या हंड्याचं वजन तिथे बसल्या बसल्याच लागायला लागलं.

मी आणि राणी चालत निघालो. तिच्या तळहातांवर मेंदी रंगली होती, पण ते हात तिनं फ्रॉकच्या खिशात घालून ठेवले होते. मी शाळेचं विचारलं, तिनं मान हलवली. झोक्याचं विचारलं, मान हलवली. जिनिंगचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत इंजिन नाही, पोरं नाहीत, लिंबाचा मोहोर सगळीकडे पडलेला. वळचणीला खोचलेला बांबू मी ओढून काढला, तसा वरच्या कोळिष्टकांत अडकलेला कित्येक वर्षांचा कापूस भुरभुर खाली आला आणि राणीच्या केसांवर बसला. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या. क्षणभर मी तिच्याकडे बघतच राहिलो. थेट सुपडू, शाळा सुटल्यावरचा.

विहिरीवर हंडा बुडवताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "राणी, एक सांगू? तुझा बाप कष्टाळू नव्हता."

तिनं चटकन मान वर केली.

"एक नंबरचा कामचुकार होता. इकडची काडी तिकडे करायचा नाही. सहा वर्षं त्याचं पाणी मी वाहिलं आहे. हा खांदा बघ, खाली आहे की नाही?" मग मी तिला सगळं सांगितलं. मागचं टोक वर धरायचा ते सांगितलं, गौतमकाकाची खाच दाखवली, बांबू फिरवून ती खाली कशी केली ते करून दाखवलं, आणि वर तोंड करून म्हणायचा काय तेही. म्हशीच्या शिंगातली जिलबी सांगितली. ती एकेका गोष्टीला डोळे मोठे करत होती. हसली नाही, बोलली नाही. पण तिचे हात खिशातून बाहेर आले होते.

हंडा मी अर्धाच भरला. मी उंच, ती एवढीशी. बांबू कलणार आणि हंडा तिच्याकडे जाणार, ही मला काळजी. म्हणून खाच नीट वरच्या बाजूला घेतली, दोर तिच्यात पक्का बसवला, ओढून पाहिला. ती मागच्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. उचलणार तोच तिनं माझ्या पायाकडे बोट दाखवलं. चपलेचा अंगठा निघाला होता. मी खाली बसून तो बसवला. मग गुडघ्यात वाकून बांबू खांद्यावर घेतला आणि तसाच वाकून चालू लागलो, म्हणजे पोरीला जड होऊ नये.

फाटक ओलांडलं. ऊन मी म्हणत होतं. लांबून झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. मागे नुसती पावलं, तिची लहान लहान. मी मनात म्हटलं, सुपड्या, हंडा आपला आहे, रस्ता आपला आहे, पण गोष्ट नाही रे. अक्काला काय सांगू मी?

आणि हंडा हलला. दोर बांबूवरून सुळकन आला, हंडा माझ्या पाठीवर येऊन टेकला, पाणी हिंदकळून माझा सदरा भिजला आणि सगळं वजन उजव्या खांद्यात उतरलं. मी हातानं बांबू चाचपला. खाच खालच्या बाजूला होती.

"राणी," मी म्हटलं, "हंडा सरकला गं."



"काका," मागून आवाज आला. खूप दिवस न वापरलेला, जरा घोगरा. "चढ शे."

रस्ता परातीसारखा सपाट होता. "शे ना," मी म्हटलं. मागे वळून पाहिलं नाही, कारण तिला माझं तोंड दिसलं असतं. मी हात पाठीमागे नेला, दोर धरला आणि हंडा आणखी थोडा माझ्याकडे ओढून घेतला.